हाय-रिझोल्यूशन माउस व्हील: यादी एकतर ढिम्म हलत नाही, नाहीतर सुसाट पळते

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोजवर चालणाऱ्या एका प्रोग्राममध्ये सी++ मध्ये हाताने लिहिलेला लिस्ट कंट्रोल आहे. साध्या माउसने एका खटक्याला तीन ओळी सरकतात. हाय-रिझोल्यूशन व्हीलचा, म्हणजे खटक्याहून बारीक फिरणंही सांगणारा माउस लावला, किंवा लॅपटॉपच्या प्रिसिजन टचपॅडवर दोन बोटं फिरवली, की ही यादी जागची हलत नाही. त्याच प्रोग्राममधली डब्ल्यूपीएफमध्ये (.नेटवर खिडक्या बनवायचा मायक्रोसॉफ्टचा संच) केलेली खिडकी मात्र चाकाला नुसतं बोट लागलं तरी तळ गाठते. दोष ड्रायव्हरचा, माउसचा की कोडचा?

कोडचा, दोन्हीकडे. लक्षणं उलटी दिसत असली तरी मूळ एकच आहे: व्हीलचा प्रत्येक संदेश म्हणजे एक खटका, असं धरून चालणं. संदेश किती आले हे मोजायचं नसतं. चाक किती फिरलं ते प्रत्येक संदेशात लिहिलेलं असतं, त्याची बेरीज ठेवायची असते.

## 120 कुठून आला

चाक फिरलं की विंडोज खिडकीला डब्ल्यूएम_माउसव्हील हा संदेश पाठवतं. त्याच्यासोबत डब्ल्यूपॅरम आणि एलपॅरम असे दोन आकडे येतात, आणि डब्ल्यूपॅरमच्या वरच्या 16 बिटांत चिन्हासह एक आकडा असतो, तोच डेल्टा. व्हील_डेल्टा या स्थिरांकाची किंमत 120 आहे आणि एक पूर्ण खटका म्हणजे 120. चाक पुढे, म्हणजे आपल्यापासून दूर ढकललं तर आकडा धन, आपल्याकडे ओढलं तर ऋण. 120 मुद्दाम निवडला आहे, कारण त्याला 2, 3, 4, 5, 6, 8, 10, 12, 15 अशा बऱ्याच आकड्यांनी नि:शेष भाग जातो. पुढेमागे कोणी बारीक चाक बनवलं तर त्याला खटक्याचा आठवा किंवा दहावा भाग पूर्णांकात सांगता यावा, ही सोय सुरुवातीपासून आहे. इंटेलिमाउस 1996 मध्ये आला, आणि त्यानंतर कित्येक वर्षं सगळ्यांच्या टेबलावर खटक्यांचीच चाकं होती. त्यामुळे 120 आणि उणे 120 सोडून तिसरा आकडा कोणी पाहिला नाही, आणि कोड त्या दोनच आकड्यांवर बेतला गेला.

व्हिस्टापासून विंडोज एचआयडीमधला (माउस-कीबोर्ड स्वतःची माहिती सांगतात ते मानक) 'रिझोल्यूशन मल्टिप्लायर', म्हणजे एका खटक्याचे किती भाग, तो आकडा वाचतं. माउसने मल्टिप्लायर 8 सांगितला तर एका खटक्यात 15 चे आठ संदेश येतात, 4 सांगितला तर 30 चे चार. चाक जोरात फिरवलं तर एकाच संदेशात 45, 240 किंवा 360 सुद्धा येऊ शकतं. प्रिसिजन टचपॅडवरून जुन्या पद्धतीच्या खिडक्यांना हाच संदेश मिळतो, आणि त्यात आकडा कुठलाही असतो. 120 चा भाजक असलाच पाहिजे असंही नाही. त्यामुळे 'आमच्या ग्राहकांकडे भारी माउस नाहीत' ही सबब चालणार नाही. गेल्या काही वर्षांतला कुठलाही बरा लॅपटॉप हा बग दाखवतो.

## कोडमध्ये नक्की काय चुकलेलं असतं

पहिला प्रकार म्हणजे थेट भागाकार: डेल्टा भागिले 120, गुणिले तीन. डेल्टा 15 असेल तर पूर्णांक भागाकार शून्य देतो. पुढचा संदेशही शून्य, त्याच्या पुढचाही. चाक दिवसभर फिरवा, यादी हलणार नाही. तुमच्या सी++ कंट्रोलमध्ये हेच झालंय.

दुसरा प्रकार म्हणजे फक्त चिन्ह बघणं. डेल्टा ऋण असेल तर तीन ओळी खाली, नाहीतर वर. मल्टिप्लायर 8 असेल तर एका खटक्याला 24 ओळी जातात. डब्ल्यूपीएफच्या स्क्रोलव्ह्यूअरच्या मूळ कोडमध्ये हेच आहे: डेल्टा ऋण की धन एवढं बघून तो माउसव्हीलडाउन किंवा माउसव्हीलअप बोलावतो, आकड्याकडे ढुंकूनही बघत नाही.

तिसरा प्रकार जास्त फसवा. भागाकार दशांशात करतात पण प्रत्येक संदेशाला जवळच्या पूर्णांकात बसवतात. 30 च्या संदेशाला 0.75 ओळ येते, ती 1 होते, म्हणजे खटक्याला तीनऐवजी चार ओळी. 15 च्या संदेशाला 0.375 येते, ती 0 होते. म्हणजे एका माउसवर किंचित जास्त सरकतं आणि दुसऱ्यावर अजिबात नाही. तक्रार येते ती 'स्क्रोल विचित्र वाटतंय' अशी, आणि मग कोणालाच काही सापडत नाही. विंडोजचं मल्डिव्ह वापरत असाल तर सांभाळा, ते फंक्शन भागाकार छाटत नाही, जवळच्या पूर्णांकात बसवतं.

चौथा प्रकार पायथनवाल्यांसाठी. सी++ मध्ये उणे 15 ला 120 ने भागलं की 0 येतो. पायथनच्या दुहेरी तिरप्या रेघेच्या भागाकारात उणे 1 येतो, कारण तो नेहमी खालच्या बाजूला जातो. त्यामुळे पायक्यूटीमधल्या (क्यूटी या खिडक्या बनवायच्या संचाचं पायथन रूप) कंट्रोलमध्ये वर स्क्रोल होत नाही आणि खाली मात्र प्रत्येक बारीक संदेशाला एक पायरी उडते. एकाच दिशेला बिघाड दिसला की पहिला संशय इथे घ्यावा. बिट सरकवून भागणाऱ्यांचंही असंच होतं.

आणि एक जुनाच: वरचे 16 बिट काढताना चिन्हासहित शॉर्टमध्ये न बदलणं. उणे 15 चे 65521 होतात, त्याला 120 ने भागलं की 546. खाली स्क्रोल करायला गेलं की यादी थेट माथ्यावर जाते. गेट_व्हील_डेल्टा_डब्ल्यूपॅरम हा मॅक्रो वापरला की हा प्रश्न येत नाही. एलपॅरममधले निर्देशांकही चिन्हासह असतात आणि ते स्क्रीनचे असतात, खिडकीचे नाहीत. डाव्या बाजूला दुसरा मॉनिटर लावलेल्या माणसाकडे एक्स ऋण येतो, म्हणून साधे लोवर्ड-हायवर्ड न वापरता गेट_एक्स_एलपॅरम आणि त्याचा वाय-जोडीदार वापरा.

## शिल्लक ठेवायची, पण नीट

शिल्लक म्हणजे चाक फिरलं पण अजून पूर्ण ओळ झाली नाही, तो साठलेला भाग. मुख्य हिशोब चार ओळींचा आहे. 'ओळी' म्हणजे वापरणाऱ्याने कंट्रोल पॅनेलमध्ये ठेवलेला आकडा. तो सिस्टमपॅरामीटर्सइन्फोला एसपीआय_गेटव्हीलस्क्रोललाइन्स देऊन मिळतो, आणि मूळ किंमत 3 असते.

```
शिल्लक = शिल्लक + डेल्टा × ओळी
सरक = शिल्लक ÷ 120   (पूर्णांक भागाकार, शून्याकडे छाटणारा)
शिल्लक = शिल्लक − सरक × 120
सरक शून्य नसेल तर: वरची_ओळ = वरची_ओळ − सरक
```

15 चे आठ संदेश हातानेच चालवून बघा. प्रत्येक संदेशाला 45 जमा होतात. 45, 90, 135: इथे एक ओळ सरकली, शिल्लक 15. मग 60, 105, 150: दुसरी ओळ, शिल्लक 30. मग 75, 120: तिसरी ओळ, शिल्लक शून्य. तिसऱ्या, सहाव्या आणि आठव्या संदेशाला एकेक ओळ, आणि खटका पूर्ण झाला तेव्हा बरोबर तीन. साध्या माउसचा 120 आला तर 360 जमा होऊन एकदम तीन ओळी. दोन्ही माउसना एकच कोड पुरतो, 'हा हाय-रिझोल्यूशन आहे का' हे विचारावंच लागत नाही.

गुणाकार आधी आणि भागाकार नंतर, हा क्रम बदलू नका. बरेच जण आधी 120 ला ओळींनी भागून 'एका ओळीला किती डेल्टा' काढतात. 3 ला 40 येतात, ठीक. कोणी 7 ओळी ठेवल्या असतील तर 17.14 येतात, आणि छाटलेला अंश दर ओळीला चुकत राहतो. चूक बारीक आहे, पण विनाकारण कशाला?

शिल्लक कुठे ठेवायची आणि कधी पुसायची, यात खरं काम आहे.

शिल्लक प्रत्येक कंट्रोलची वेगळी हवी. फंक्शनमध्ये एक स्टॅटिक चल टाकून मोकळं होणं मी बऱ्याच कोडमध्ये बघतो. मग एका यादीत अर्धवट राहिलेली शिल्लक दुसऱ्या यादीत जाऊन फुटते. उभ्या आणि आडव्या दिशेची वेगळी.

दिशा बदलली की शिल्लक शून्य करा, म्हणजे उलट दिशेला मागची उधारी फेडत बसावं लागत नाही. बराच वेळ काही आलं नाही तरी शून्य करा. लिनक्स कर्नलमधला लॉजिटेकचा ड्रायव्हर यासाठी एक सेकंद धरतो, आणि माझ्या मते तोच आकडा उचलावा. 200 मिलिसेकंद ठेवलेत तर सावकाश, निवांत स्क्रोल करणाऱ्याची यादी पुन्हा अडकते. कंट्रोल निष्क्रिय झाला, यादीतला मजकूर बदलला, यादी टोकाला टेकली, किंवा डब्ल्यूएम_सेटिंगचेंज येऊन 'ओळी' बदलल्या, तरी शिल्लक पुसायची.

आता त्या 'ओळी' या आकड्याचे दोन खड्डे. तो 0 असू शकतो, म्हणजे वापरणाऱ्याला व्हीलने स्क्रोल नकोच आहे. तिथून मुकाट परत फिरा, 'मग 3 धरू' असला आगाऊपणा नको. दुसरा म्हणजे व्हील_पेजस्क्रोल, 'एका खटक्याला एक पान'. त्याची किंमत 32 बिटांतला सगळ्यात मोठा चिन्हरहित आकडा आहे. तुम्ही तो साध्या इंटमध्ये घेतला असेल तर तो उणे 1 होतो आणि यादी उलट्या दिशेला एकेक ओळ सरकू लागते. चिन्हरहित घ्या, तुलना करा, आणि तसा निघाला तर दिसणाऱ्या ओळी वजा एक धरा. कोणी 50 ओळी ठेवल्या आणि कंट्रोलमध्ये आठच दिसत असतील तर तिथेही पानापुरतीच मर्यादा घाला, नाहीतर मधल्या ओळी कधी डोळ्यांपुढे येतच नाहीत.

## सरकलं नाही, तरी 'हाताळलं' म्हणा

हे मी मुद्दाम वेगळं काढतोय, कारण शिल्लक बरोबर ठेवूनही लोक इथे अडकतात. सरक शून्य आली म्हणून संदेश डेफविंडोप्रॉककडे (न हाताळलेले संदेश घेणारं विंडोजचं फंक्शन) सोडला, तर तो संदेश पालक खिडकीकडे, म्हणजे कंट्रोल जिच्या आत आहे तिच्याकडे जातो. पालकही स्क्रोल होणारा असेल तर आठ संदेशांपैकी पाच पालकाला आणि तीन यादीला मिळतात. यादी आणि तिच्या मागचा फॉर्म दोन्ही एकदम सरकायला लागतात. साध्या माउसवर हे कधीच दिसत नाही, कारण तिथे सरक शून्य येतच नाही. नियम असा ठेवा: या दिशेला अजून जागा आहे ना? मग शिल्लक वाढवून शून्य परत करा, ओळ सरकलेली असो वा नसो. जागाच नसेल तरच पालकाकडे जाऊ द्या.

पालकाकडे जाऊ देण्यातही एक खोच आहे. माणूस चाक गरगर फिरवून यादीच्या तळाशी आला, आणि त्याच झटक्यातले उरलेले संदेश फॉर्मला मिळाले, की यादीच हाताखालून निघून जाते. खटका नसलेल्या, मोकळ्या फिरणाऱ्या चाकावर तर हे हमखास. ज्या कंट्रोलने झटका सुरू केला त्यालाच, साधारण अर्धा सेकंद खंड पडेपर्यंत, सगळे संदेश द्या. क्यूटीमध्ये कोणी हेच करायला गेलं तर तिथे इव्हेंटचं इग्नोर आणि ॲक्सेप्ट हे त्याचं हत्यार.

विंडोज 10 पासून 'निष्क्रिय खिडकीवर माउस नेला की तीच स्क्रोल करा' हे सेटिंग आहे. त्यामुळे संदेश फोकस असलेल्या खिडकीलाच येईल हे गृहीत धरू नका. प्रोग्रामच्या आतच व्हीलचे संदेश फोकसकडे वळवणारा जुना कोड असेल तर तो काढून टाका, तो आता मदतीपेक्षा अडचणच जास्त करतो.

## ओळ की पिक्सेल

वरचा हिशोब यादी मोडू देत नाही, पण वापरणाऱ्याला बारीक चाकाचा फायदाही देत नाही. यादी ओळीवरच थांबणारी असेल तर 15 च्या संदेशांनी हाताला वेगळं काही जाणवणार नाही. मऊ हालचाल हवी असेल तर कंट्रोलची जागा पिक्सेलमध्ये ठेवावी लागते. तेव्हा 'ओळी'च्या जागी 'ओळी गुणिले ओळीची उंची' येतं: 20 पिक्सेलची ओळ असेल तर खटक्याला 60 पिक्सेल, 15 च्या संदेशाला साडेसात. तो अर्धा पिक्सेल शिल्लकेत राहतो, हिशोब तोच. ओळीची उंची सध्याच्या मॉनिटरच्या डीपीआयप्रमाणे (इंचाला किती ठिपके) घ्या, नाहीतर खिडकी 150 टक्क्यांच्या स्क्रीनवर नेली की स्क्रोल मंदावल्यासारखं वाटतं.

विंडोजचा तयार लिस्टव्ह्यू उपवर्ग करून हे साधेल असं वाटत असेल तर त्यात वेळ घालवू नका. रिपोर्ट व्ह्यूमध्ये एलव्हीएम_स्क्रोलला दिलेले उभे पिक्सेल पूर्ण ओळीतच बसवले जातात. तिथे ओळींच्या हिशोबावर समाधान माना, किंवा कंट्रोल स्वतः काढा.

चित्र काढण्याचा खर्चही बघा. जुन्या कोडमध्ये व्हीलच्या एका संदेशासाठी डब्ल्यूएम_व्हीस्क्रोल तीनदा पाठवतात आणि प्रत्येक वेळी अपडेटविंडो करून लगेच रंगवतात. खटक्याच्या माउसवर ते खपून गेलं. मोकळ्या चाकावर सेकंदाला कितीतरी संदेश येतात आणि हात थांबल्यावरही यादी धावत राहते. संदेशात फक्त नवी जागा ठरवा, सेटस्क्रोलइन्फो एकदाच करा, भाग अवैध करा आणि रंगवणं डब्ल्यूएम_पेंटवर सोडा. तो संदेश रांग रिकामी झाल्यावरच येतो, त्यामुळे मधली चित्रं आपोआप गळतात.

ॲनिमेशन घातलेलं असेल तर आणखी सांभाळा. 'प्रत्येक संदेशाला 150 मिलिसेकंदांचं नवं ॲनिमेशन' हे 120 च्या उड्यांसाठी छान दिसतं. 15 च्या संदेशांवर ते दर वेळी नव्याने सुरू होतं आणि स्क्रोल चिखलातून ओढल्यासारखं वाटतं. ॲनिमेशन पुन्हा सुरू न करता फक्त गंतव्य जागा पुढे ढकला. आणि डेल्टा 120 च्या पटीत नसेल तर ॲनिमेशन पूर्ण वगळा, बारीक चाक आणि टचपॅड स्वतःच पुरेसे मऊ असतात.

## पायऱ्यांचे कंट्रोल: स्पिन, कॉम्बो, टॅब, झूम

यादीत एखादी ओळ चुकून सरकली तर बिघडत नाही. कॉम्बोबॉक्समधला 'जीएसटी 5%' चुकून '18%' झाला तर बिघडतं. म्हणून जिथे एक पायरी म्हणजे एक निर्णय आहे, तिथे 'ओळी' गुणायच्याच नाहीत. एक खटका, एक पायरी. विनफॉर्म्सचा (.नेटचा जुना संच) न्यूमरिकअपडाउन शिल्लक नीट ठेवतो, पण सिस्टमच्या ओळींनी गुणतो, त्यामुळे एका खटक्याला किंमत तीनने वाढते. ही तक्रार बारीक चाकाशी संबंधित नाही, पण चाकावर काम करतच आहात तर ऑनमाउसव्हील ओव्हरराइड करून तीही मिटवा.

पायरी पूर्ण 120 ला टाकायची की आधी? खटके असलेल्या पण बारीक मोजणाऱ्या माउसवर बोट नुसतं टेकलं तरी 15 इकडे, 15 तिकडे होत राहतं. शिवाय यांत्रिक खटका आणि सेन्सरचा 120 नेहमी तंतोतंत जुळत नाहीत. खटका जाणवला पण आकडा 105 वरच थांबला, असं झालं तर पायरी पडत नाही आणि माणूस वैतागतो. वर सांगितलेल्या लॉजिटेकच्या ड्रायव्हरने यावर साधा तोडगा काढलाय, अर्ध्या खटक्याला पायरी टाकायची. शिल्लक 60 झाली की एक पायरी आणि शिल्लकेतून 120 वजा, म्हणजे ती उणे 60 होते. पुढची पायरी आणखी पूर्ण 120 फिरल्यावर. दिशा बदलली की शिल्लक शून्य, म्हणजे मागे यायला पुन्हा 60 लागतात. 15-15 च्या थरथरीने काहीच होत नाही आणि खटका मात्र कधी चुकत नाही.

फॉर्म स्क्रोल करताना कर्सरखाली आलेला कॉम्बो बदलणं हा वेगळा उपद्रव. बंद कॉम्बोला फोकस नसेल तर व्हील त्याने घेऊच नये, पालकाकडे द्यावं. क्यूटीमध्ये स्पिनबॉक्सची फोकस पॉलिसी मूळ व्हीलफोकस असते, ती स्ट्राँगफोकस करा आणि फोकस नसताना इव्हेंट इग्नोर करा. क्यूटी 5 चा कॉम्बोबॉक्स तर डेल्टाचं फक्त चिन्ह बघतो, स्पिनबॉक्स मात्र उरलेला डेल्टा जपून ठेवतो. एकाच संचातले दोन कंट्रोल दोन तऱ्हेने वागतात, म्हणून प्रत्येक वेगळा तपासावा लागतो.

झूममध्ये शिल्लक नकोच, ते सलग ठेवा, पण गुणोत्तर घातांकाने काढा: 1.1 चा (डेल्टा भागिले 120) वा घात. '1 अधिक 0.1 च्या आठव्या भागाने' गुणलंत तर आठ संदेशांनंतर 1.1 ऐवजी 1.1045 येतं, आणि एक खटका पुढे-एक मागे केल्यावर चित्र मूळ आकाराला परत येत नाही. टचपॅडवरची चिमटीही बऱ्याच प्रोग्रामना कंट्रोल बटण अधिक व्हील अशाच रूपात मिळते, बारीक आकड्यांत. म्हणजे हा भाग बारीक माउस नसलेल्यालाही लागतो.

आडव्या चाकाचा डब्ल्यूएम_माउसएचव्हील व्हिस्टापासून आहे. त्यात धन म्हणजे उजवीकडे. उभ्याचा कोड नक्कल करून चिन्ह तसंच ठेवलं तर डावं-उजवं उलटं होतं, एवढंच लक्षात ठेवा. त्यात 'ओळीं'च्या जागी एसपीआय_गेटव्हीलस्क्रोलचार्स येतो.

## डब्ल्यूपीएफची खिडकी कशी सुधारायची

स्क्रोलव्ह्यूअरचा प्रिव्ह्यू-माउसव्हील पकडा, डेल्टाच्या प्रमाणात स्क्रोलटूव्हर्टिकलऑफसेट करा, हँडल्ड खरं करा. आतला मूळ आकडा खटक्याला 48 एकक आहे, म्हणजे 16 च्या तीन ओळी. तो ठेवला तर साध्या माउसचा अनुभव बदलत नाही. दोन ठिकाणी पाय घसरतो. लिस्टबॉक्समध्ये कॅनकंटेंटस्क्रोल मूळ चालू असतं आणि तेव्हा ऑफसेटचं एकक पिक्सेल नसून 'आयटम' असतं. तिथे 48 वजा केलेत तर 48 आयटम उडतात. एकतर व्हर्च्युअलायझिंगपॅनेलचं स्क्रोलयुनिट पिक्सेल करा (.नेट 4.5 पासून आहे), किंवा वरचा ओळींचा हिशोब लावा. दुसरं, व्हर्टिकलऑफसेट लेआउट झाल्यावरच बदलतो. एका फ्रेममध्ये तीन संदेश आले तर तिन्ही वेळा जुनाच आकडा वाचला जातो आणि दोन संदेशांचं अंतर हरवतं. गंतव्य ऑफसेट स्वतःच्या चलात ठेवा.

## बाकीच्या घरांत

क्यूटीचा अँगलडेल्टा अंशाच्या आठव्या भागात असतो. 15 अंशांचा खटका, म्हणजे पुन्हा 120. पिक्सेलडेल्टा मिळाला तर मॅकवर तो वापरा. एक्स11 वर (लिनक्सची जुनी डिस्प्ले पद्धत) तो भरवशाचा नाही, हे क्यूटीचं दस्तऐवजच सांगतं. जावा स्विंगमध्ये गेटव्हीलरोटेशन पूर्णांक देतं, बारीक फिरणं त्यात दिसत नाही. जावा 7 पासूनचं गेटप्रिसाइजव्हीलरोटेशन घ्या, आणि तिथे खाली म्हणजे धन आहे हे विसरू नका. मॅकवर हॅजप्रिसाइजस्क्रोलिंगडेल्टाज खरं असेल तर आलेला आकडा थेट पॉइंटमध्ये असतो, त्याला ओळीच्या उंचीने गुणू नका. खोटं असेल तर गुणा. पायऱ्यांच्या कंट्रोलमध्ये मोमेंटमफेजचे इव्हेंट सरळ टाकून द्या, बोट उचलल्यावर किंमत बदलत राहायला नको.

लिनक्सवर धोका उलटा आहे: तिथे जुना आणि नवा असे दोन्ही इव्हेंट एकाच वेळी येतात. कर्नल 5.0 पासून रेल_व्हील_हाय_रेझ आहे, खटक्याला 120, आणि सोबत जुना रेल_व्हीलही येतो. लिबइनपुट (माउस-टचपॅडचे इव्हेंट पोचवणारी लायब्ररी) 1.19 पासून व्हीलचा स्वतंत्र इव्हेंट व्ही120 किंमत देतो, पण जुना ॲक्सिस इव्हेंटही चालू राहतो. वेलँडमध्ये (लिनक्सची नवी डिस्प्ले पद्धत) डब्ल्यूएल_पॉइंटरच्या आठव्या आवृत्तीत ॲक्सिस_व्हॅल्यू120 आला. एक्स11 वर एक्सआय 2.1 चे स्क्रोल व्हॅल्युएटर आणि त्यांच्यासोबत 4 ते 7 क्रमांकाची बटणं येतात, ज्यांच्यावर 'पॉइंटर एम्युलेटेड' असा झेंडा असतो. दोन्ही हाताळलेत की दुप्पट स्क्रोल. एक निवडा, दुसरा टाकून द्या. एक्स11 चा व्हॅल्युएटर सुरुवातीपासूनची एकूण बेरीज सांगतो. कर्सर दुसऱ्या खिडकीत असताना फिरलेलं चाकही त्यात जमा होतं, म्हणून खिडकीत परत येताच पहिली किंमत फक्त पाया म्हणून नोंदवायची, तिच्यावर स्क्रोल करायचं नाही. जीटीकेमध्ये (लिनक्सवरचा खिडक्या बनवायचा संच) 4.8 पासून स्क्रोल इव्हेंटचं एकक विचारता येतं, व्हील की सरफेस. पायऱ्यांच्या कंट्रोलसाठी डिस्क्रीट झेंडा लावलेला कंट्रोलर घेतला की शिल्लकेचं काम तोच करतो.

## माउस नसताना तपासणी

भारी माउस विकत घ्यायची गरज नाही. विंडोजवर सेंडइनपुटला माउसइव्हेंटएफ_व्हील झेंडा आणि माउसडेटामध्ये 15 देऊन आठदा पाठवा. यादी बरोबर तीन ओळी सरकायला हवी, आणि उणे 15 आठदा पाठवल्यावर मूळ जागी यायला हवी. मग 120 एकदा, 360 एकदा. मग 7 सतरा वेळा, म्हणजे 119: तीन ओळींच्या सेटिंगवर इथे दोनच सरकायला हव्यात, तिसरी आणखी 1 आल्यावर. मग 15 सातदा आणि लगेच उणे 15 एकदा, इथे शेवटच्या संदेशाने काहीही हलता कामा नये. सेटिंग 0, 1, 7 आणि 'एक पान' ठेवून हे सगळं पुन्हा. आत यादी आणि बाहेर स्क्रोल होणारा फॉर्म असा जोड करून बघा, यादी मधोमध असताना फॉर्म एक पिक्सेलही सरकत असेल तर तुम्ही कुठेतरी न सरकलेला संदेश पुढे सोडताय. प्रत्यक्ष काय येतंय हे स्पाय++ मध्ये दिसतं, लिनक्सवर इव्हटेस्ट आणि लिबइनपुटच्या डीबग-इव्हेंट्समध्ये. शेवटी एकदा लॅपटॉपचा टचपॅड दोन बोटांनी अगदी हळू ओढा, कारण 1, 2, 3 असले आकडे पाठवायचं स्क्रिप्ट लिहिताना कोणाच्या लक्षात येत नाही.